सरकारी दप्तर आणि गृहस्थाचा अर्ज

मागील अंकाच्या शेवटी आम्ही वाचकांस असे आश्वासन दिले होते की, सरकारी कचेरीतून माहिती मागविण्याच्या कामी गृहस्थाश्रमी माणसास जो अनुभव येतो त्याविषयी पुढील खेपेस सविस्तर लिहू. लिहावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की, या विषयावर लांबून उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस मुळीच नाही. कारण जे काही आम्ही शिकलो ते घरातच, आणि तेही आमच्या काकूंच्या कामापायी शिकलो. तेव्हा प्रथम तीच हकीकत सांगतो.

आमचे काका एका सरकारी कचेरीत तेहतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले व २०१९ च्या पावसाळ्यात वारले. त्यांच्या पश्चात काकूंस कुटुंबनिवृत्तिवेतन मिळावयाचे होते. घर एकत्र असल्यामुळे काकूंच्या पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला नाही, हे खरे. आणि त्यामुळेच की काय, आम्ही पुरुषमंडळींनी त्या कामाची टाळाटाळ केली, हेही तितकेच खरे. परंतु आपल्या हक्काचे पैसे हाती नसलेली विधवा एकत्र कुटुंबात किती संकोचाने वावरते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस अधिक सांगणे नलगे. गणेश टेकडीस जाताना रिक्षाचे व दक्षिणेचे सुटे पैसे सुनेजवळ मागावे लागू नयेत म्हणून काकूंनी टेकडीस जाणेच सोडले होते. गुडघे दुखतात, असे त्या सांगत. खरे कारण आमच्या लक्षात फार उशिरा आले.

मध्यंतरी साथीची दोन वर्षे गेली. पैसे देणाऱ्या कचेरीने कागद मूळ कचेरीकडे परत पाठविले आहेत, एवढे तोंडी कळले होते. मूळ कचेरीत जावे तो कधी साहेब दौऱ्यावर, कधी फाईल ‘वर’ गेलेली, कधी ती पाहणारा कारकून रजेवर. नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात सिव्हिल लाइन्सच्या बाजूस चार खेपा घालून आल्यावर काकूंनी एके दिवशी, पदराने वारा घेत, आम्हांस विचारले, “तुम्ही इतके लिहिता, तर एक अर्ज लिहून देता येत नाही का?” या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा १५ जून २००५ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने सिद्ध झाला व त्याच वर्षी १२ ऑक्टोबरपासून सर्वांशी अमलात आला. महाराष्ट्रास ही कल्पना नवी नव्हती. येथे २००० साली एक अपुरा कायदा झाला होता. त्याच्या जागी २००२ चा अधिक भक्कम कायदा आला, आणि त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईस आझाद मैदानावर उपोषण केले होते. त्याच सुमारास, आणि त्याही आधीपासून, राजस्थानातील खेडुतांनी आपल्या मजुरीच्या हजेरीपटांच्या नकला मागून या हक्कास गावाच्या चावडीवर आणले होते. मजुरांनी हजेरीपट मागितला, सबब मागितली नाही, ही गोष्ट पुढील हकीकतीच्या दृष्टीने वाचकांनी ध्यानी ठेवावी.

आमचा पहिला अर्ज आम्ही मोठ्या ऐटीत लिहिला. आपल्या लेखणीचा अभिमान असा नडतो. ‘सदर विधवा अर्जदाराचे कुटुंबनिवृत्तिवेतन तीन वर्षे का देण्यात आले नाही, व या विलंबास कोण जबाबदार आहे, याची माहिती मिळावी,’ असा त्याचा आशय होता. जोडपत्र ‘अ’ भरले, दहा रुपयांचे कोर्ट फीचे तिकीट डकविले, पोच घेतली. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले. ते दोन ओळींचे होते: आपण विचारलेला प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

प्रथम आम्ही रागावलो. नंतर कायदा उघडून वाचला, आणि तेव्हा कळले की कारकुनाने आमच्याशी लबाडी केली असली तरी ती कायद्याच्या चौकटीत राहून केली होती. कलम २ मध्ये ‘माहिती’ म्हणजे काय ते सांगितले आहे: कागदपत्र, टिप्पणी, परिपत्रक, आदेश, रोजवही, करार, अहवाल, नमुने इत्यादी. दप्तरात जे आहे ते माहिती. जे कोणाच्या मनात आहे ते नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातील डॉ. सेल्सा पिंटो यांच्या प्रकरणी २००८ साली हेच स्पष्ट केले की, ‘का’ या प्रश्नाचे उत्तर माहितीच्या व्याख्येत येत नाही; कारण तसे उत्तर देणे म्हणजे एखाद्या कृत्याचे समर्थन करणे होय, आणि समर्थन ही दप्तरात असणारी वस्तू नव्हे. हा निवाडा हाताशी आल्यापासून कचेऱ्यांस एक उत्तम ढाल मिळाली. अर्जात ‘का’ दिसला की ढाल पुढे.

गंमत अशी की, त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये दुसऱ्या बाजूचा ‘का’ही वर्ज्य केलेला आहे. अर्जदाराने माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही आणि अधिकाऱ्याने ते विचारू नये, अशी स्पष्ट तरतूद आहे. म्हणजे आपण त्यांस का विचारावयाचे नाही, त्यांनी आपणांस का विचारावयाचे नाही. मध्ये उरतो तो फक्त कागद. आमच्या मते या सबंध कायद्याचे मर्म एवढ्यातच आहे, आणि ते न कळल्यामुळे निम्मे अर्ज वाया जात असावेत. ज्यांस न्याय हवा असतो ते स्वभावतःच कारण विचारतात. दुःखात असलेला मनुष्य ‘कागद क्रमांक अमुकची नक्कल द्या’ असे म्हणत नाही. तो ‘असे का केलेत?’ असेच म्हणतो. कायदा मात्र पहिल्या भाषेत बोलणाऱ्यासच ओळखतो.

येथे एका कलमाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. कलम ४ च्या पोटात अशीही आज्ञा आहे की, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयाची कारणे त्या निर्णयाची झळ पोहोचणाऱ्या व्यक्तींस आपण होऊन कळवावी. म्हणजे काकूंसारख्या बाधित व्यक्तीस कारण मागण्याचा मार्ग अगदीच बंद नाही. पण तेथेही ‘का दिले नाही’ असे न विचारता ‘अमुक तारखेच्या निर्णयाची कारणे ज्या कागदात नमूद आहेत त्याची प्रत द्यावी’ असे लिहिले म्हणजे ढाल उपयोगी पडत नाही. याच कलमात सतरा बाबींची माहिती प्रत्येक कचेरीने कोणी न मागता प्रसिद्ध करावी असे म्हटले असून, त्यासाठी कायदा झाल्यापासून १२० दिवसांची मुदत दिली होती. ते १२० दिवस २००५ सालीच संपले. काही कचेऱ्यांच्या भिंतीवर लटकणारे फलक पाहिले म्हणजे ते त्या साली लावलेले असून नंतर कोणी पुसलेही नसावेत, असे वाटते. त्यांवरील अधिकारी केव्हाच निवृत्त होऊन गेलेले असतात.

असो. दुसरा अर्ज आम्ही नम्रपणे लिहिला. त्यात एकही ‘का’ नव्हता. पैसे देणाऱ्या कचेरीकडून परत आलेल्या पत्राची नक्कल. ते पत्र ज्या दिवशी पोहोचले त्या दिवसाची आवक नोंदवहीतील नोंद. त्या प्रकरणावर आजपर्यंत लिहिल्या गेलेल्या सर्व टिप्पण्या. काकांच्या सेवापुस्तकातील वारसनोंदीचे पान. आणि या प्रकरणी बाहेर गेलेल्या पत्रांच्या जावक नोंदी. शेवटी मूळ फाईल प्रत्यक्ष पाहण्याची विनंती. हा अर्ज घेऊन काकू स्वतः गेल्या. खिडकीवरच्या तरुण मनुष्याने अर्ज वाचून, अगदी सौम्यपणे, विचारले, “आजी, कशाला हवेत तुम्हांला हे कागद?” काकूंनी आम्ही शिकविल्याप्रमाणे उत्तर दिले, “ते तुम्ही विचारायचे नसते, बाळ.” त्या दिवशी घरी आल्यावर काकूंच्या चेहऱ्यावर जे हसू होते ते आम्ही तीन वर्षांत पाहिले नव्हते.

यानंतर तीस दिवस काहीच झाले नाही. उत्तर न येणे हेही एक उत्तर आहे, आणि कायद्यास ते ठाऊक आहे. मुदतीत निर्णय न कळविणे म्हणजे नकार दिला असेच समजावे, असे कलम ७ सांगते. आम्ही वीस रुपयांचे तिकीट लावून त्याच कचेरीतील वरिष्ठांकडे पहिले अपील केले. अपील करण्यास नकारापासून तीस दिवसांची मुदत असते, व ते तीस दिवसांत, फार तर कारणे नोंदवून पंचेचाळीस दिवसांत, निकालात काढावे लागते. सुनावणीच्या दिवशी माहिती अधिकाऱ्याने सांगितले की, अभिलेख आढळून येत नाही.

हे वाक्य ज्यांनी ऐकले नसेल असा अर्जदार विरळा. त्याचा दबदबा असा की, पुष्कळ लोक तेथेच हात जोडून परत फिरतात. परंतु महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांविषयीचा एक कायदा आहे, तोही २००५ चाच. त्याअन्वये सरकारी अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अभिलेख सापडत नसेल तर तो केव्हा, कोणाच्या ताब्यातून गहाळ झाला याची चौकशी झाली पाहिजे. ‘आढळत नाही’ हे माहिती नाकारण्यासाठी कायद्यात दिलेल्या कारणांपैकी नव्हेच. आम्ही एवढेच म्हणालो की, अभिलेख गहाळ झाल्याचे तसे लेखी द्यावे, म्हणजे पुढील तजवीज करता येईल. अपिलीय अधिकारी वयस्क व समंजस गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून माहिती अधिकाऱ्याकडे क्षणभर पाहिले आणि आठ दिवसांत फाईल शोधून अर्जदारास दाखवावी असा हुकूम केला. फाईल पाचव्या दिवशी सापडली. ती त्याच खोलीत, त्याच कपाटात, फक्त दुसऱ्या खणात होती.

आणि त्या फाईलीत काय निघाले? काकूंचे माहेरचे नाव एक, लग्नानंतर ठेवलेले नाव दुसरे. काकांनी सेवापुस्तकात वारस म्हणून सासरचे नाव लिहिले होते. बँकेत व आधारपत्रावर, शाळेच्या दाखल्याच्या आधारे, माहेरचे नाव लागले होते. पैसे देणाऱ्या कचेरीने म्हटले होते की नावात तफावत आहे, खुलासा करून पाठवावे. त्यावर मूळ कचेरीतील टिप्पणीत एकच ओळ होती: अर्जदारांकडून खुलासा मागवावा. खाली सही, तारीख; त्याखाली दुसरी सही. आणि जावक नोंदवहीत, त्या तारखेस किंवा त्यानंतर, काकूंच्या नावे गेलेल्या पत्राची नोंदच नव्हती. खुलासा मागविण्याचे ठरले. मागविला गेला नाही. कोणी लाच मागितली नव्हती, कोणाचा दुष्टावा नव्हता. एक पत्र टपालात पडावयाचे राहिले, एवढ्यावर तीन वर्षे गेली. आमच्या घरात, आणि आमच्या वाचकांच्याही घरात, ज्यांची नावे लग्नात ताटातल्या तांदळावर बदलली गेली अशा किती वयस्क स्त्रिया असतील, याचा विचार वाचकांनी अवश्य करावा व दोन्ही नावांचे प्रतिज्ञापत्र आजच करून ठेवावे.

पहिल्या अर्जात आम्ही ‘का’ विचारले होते. त्याचे उत्तर कोणत्याही अधिकाऱ्यास देता आले नसते, कारण ते कोणासच ठाऊक नव्हते. ते फक्त फाईलीला ठाऊक होते.

म्हणूनच टिप्पण्यांचे महत्त्व इतके आहे. २००६ साली केंद्र सरकारने या टिप्पण्यांचा बराचसा भाग कायद्याच्या कक्षेतून वगळण्याचा घाट घातला होता. त्याविरुद्ध देशभर ओरड झाली, अण्णा हजारे आळंदीस उपोषणास बसले, आणि ती दुरुस्ती मागे पडली. ती मंजूर झाली असती तर काकूंस परत आलेले पत्र कदाचित मिळाले असते. ती एक ओळ मात्र दिसली नसती.

दप्तर झाकून ठेवण्याची सरकारची खोड फार जुनी आहे, आणि ती इंग्रजांबरोबर गेली असे समजण्याचे कारण नाही. पेशवे दप्तर इंग्रज सरकारच्या ताब्यात पुण्यास असता आपल्या थोर इतिहाससंशोधकांस त्यात डोकावावयास वर्षानुवर्षे मिळाले नाही. पुढे गो. स. सरदेसाई यांस ते पाहण्याची मोकळीक मिळाली तेव्हा १९३० पासून चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले. शंभर वर्षांपूर्वीच्या लढायांच्या कागदांस इतके जपावे लागत असेल, तर कालच्या रस्त्याच्या ठेक्यास किती जपावे लागेल याचा अंदाज करता येतो. स्वीडन देशाने १७६६ सालीच सरकारी कागद पाहण्याचा हक्क प्रजेस दिला. आपणांकडे १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा होता, व तो आजही आहे.

अमेरिकेत असा कायदा १९६६ साली झाला. तेथील एका उत्तराचा प्रकार आमच्या वाचकांस रुचेल म्हणून सांगतो. समुद्रतळाशी बुडालेली रशियन पाणबुडी वर काढण्यासाठी तेथील हेरखात्याने ‘ग्लोमर एक्स्प्लोरर’ नावाचे जहाज गुप्तपणे १९७४ साली वापरले. त्याविषयीचे कागद एका वार्ताहर बाईंनी मागितले, तेव्हा खात्याने कळविले की, असे कागद आहेत असे आम्ही म्हणत नाही, नाहीत असेही म्हणत नाही. आपल्याकडे धर्मराजाने ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटले तेव्हा त्याचा रथ जमिनीस टेकला. अमेरिकेत तेच उत्तर पुढे कायदेशीर परिपाठ होऊन बसले, आणि त्या जहाजाच्या नावानेच ते आजतागायत ओळखले जाते.

आपल्या विदर्भातूनही असेच एक प्रकरण साऱ्या देशाच्या वाटेवर जाऊन बसले आहे, आणि त्याविषयी आमच्या नागपूरकर वाचकांस फारशी माहिती नसावी. गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी २७ ऑगस्ट २००८ रोजी भविष्यनिर्वाह निधीच्या विभागीय आयुक्तांकडे अर्ज करून, अकोल्याच्या उपविभागीय कचेरीतील एका अंमलबजावणी अधिकाऱ्याविषयी माहिती मागितली. त्यात त्याची नेमणूक, पगार, त्यास दिलेली ज्ञापने, कारणे दाखवा नोटिसा, झालेल्या शिक्षा, मालमत्ता, आणि त्याच्या मुलाच्या लग्नात आलेल्या आहेरांचा तपशील, इतके सारे होते. आयुक्तांनी बरेचसे नाकारले. केंद्रीय माहिती आयोगाने २००९ साली तो नकार कायम केला. मग प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले. तेथे दोन वेळा अपयश आले. अखेर ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, नोकराची कामगिरी हा नोकर व त्याचा धनी यांच्यामधील विषय आहे. ज्ञापने, शिक्षा, मालमत्ता, प्राप्तिकराची विवरणे ही वैयक्तिक माहिती होय. व्यापक लोकहित सिद्ध केल्याखेरीज ती देता येणार नाही.

आता आहेराची वही ही कोणत्याही घरात कुलुपात असते, व ती चारचौघांत वाचली जावी असे आम्हांसही वाटणार नाही. तेवढ्यापुरती न्यायालयाशी आमची तक्रार नाही. जरी सरकारी अधिकाऱ्याच्या घरच्या आहेरात काही पाकिटे कोणत्या नात्याने येतात, हा प्रश्न शिल्लक राहतोच. परंतु सरकारी नोकरास कर्तव्यात कसूर केल्याबद्दल जे ज्ञापन मिळते ते घरगुती कसे? तो कसूर ज्याच्या कामात झाला तो मनुष्य जनतेपैकीच असतो, आणि या व्यवहारातील धनी म्हणजे तोच. आहेराची वही आणि शिक्षेचा हुकूम एकाच गाठोड्यात बांधले गेले, ही आमच्या मते त्या निवाड्यातील मोठी उणीव. त्या दिवसापासून बदलीचा हुकूम मागा, जातीच्या दाखल्याची पडताळणी मागा, नेमणुकीतील गुणांकन मागा, कचेरीकडून देशपांडे प्रकरणाचा हवाला देऊन नकार येतो. अकोल्याच्या एका टेबलाविषयी विचारलेला प्रश्न काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या टेबलांस पांघरूण घालून गेला.

तरीही मूळ कायद्यात एक सोय शिल्लक होती. जी माहिती संसदेस किंवा विधिमंडळास नाकारता येणार नाही ती कोणाही नागरिकास नाकारता येणार नाही, असे त्या कलमाच्या शेपटास म्हटले होते. वैयक्तिक विदेच्या संरक्षणासाठी २०२३ साली जो नवा कायदा झाला त्याने ते कलमच बदलले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. आता कलम एवढेच म्हणते की, वैयक्तिक माहितीशी संबंधित जे ते देण्याचे बंधन नाही. सार्वजनिक कामाशी संबंध आहे की नाही, ही कसोटी गेली; संसदेची ती तुलनाही गेली. लोकहित अधिक मोठे असेल तर माहिती देता येते, ही कलम ८ मधील दुसरी तरतूद उरली आहे खरी. पण लोकहिताचे वजन करणारा तराजू त्याच कचेरीत आहे. खेड्यातील ज्या हजेरीपटापासून ही चळवळ सुरू झाली त्यावरही माणसांची नावेच असतात. उद्या एखाद्या ग्रामसेवकाने तोही वैयक्तिक म्हणून झाकला तर त्यास काय उत्तर द्यावयाचे, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता काय?

कचेरीतून दाद न मिळाल्यास दुसरे अपील नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे करावयाचे असते. त्याचे एक खंडपीठ नागपुरास आहे. माहिती अधिकाऱ्यास दर दिवशी २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये, दंड करण्याचा अधिकार आयोगासच आहे. कागदावर हा दरारा मोठा आहे. परंतु सतर्क नागरिक संगठन या दिल्लीच्या संस्थेने २०२३ साली केलेल्या मोजणीत महाराष्ट्राच्या आयोगापुढे एक लाखाहून अधिक प्रकरणे तुंबलेली आढळली. तितकी दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हती. ज्यास आपल्या विधवापणाच्या पैशांसाठी दाद मागावयाची आहे त्याने त्या रांगेत उभे राहावे, असे सांगण्यास जीभ रेटत नाही. म्हणून आमचा आग्रह असा की, अर्ज आणि पहिले अपील ही दोन पावले इतकी काळजीपूर्वक टाकावी की तिसऱ्याची पाळीच येऊ नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कचेरीत काम करणारे आमचे अनेक आप्त आहेत, आणि त्यांची गाऱ्हाणी अगदीच खोटी नसतात. एकाच गृहस्थाने एकाच कचेरीत दर महिन्यास पन्नास अर्ज टाकणे, कागद हाती येताच ठेकेदाराच्या दारी जाऊन बसणे, असे प्रकार घडतात. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली नियम केला की, अर्ज एकाच विषयाचा व साधारणतः १५० शब्दांचा असावा. या नियमावर पुष्कळ टीका झाली. आम्हांस मात्र तो, निदान आमच्यापुरता, हितकारक झाला. या लेखाच्या प्रस्तावनेसही दीडशे शब्द पुरत नाहीत हे वाचक पाहतच आहेत. उलट, कचेऱ्यांनीही कलम ७ मधील एका पोटकलमाचा अर्थ नीट वाचावा. माहिती मागितलेल्या स्वरूपात देण्यास फार मनुष्यबळ लागत असेल तर ती दुसऱ्या स्वरूपात द्यावी, एवढाच त्याचा आशय आहे. ‘माहिती विस्तृत असल्याने देता येत नाही’ हे वाक्य त्यात कोठेही नाही.

कित्येक वाचकांनी व्यवहाराच्या चार गोष्टी विचारल्या आहेत. राज्याच्या कचेरीस कोर्ट फीचे तिकीट चालते. केंद्राच्या कचेरीस ते चालत नाही, तेथे दहा रुपयांची भारतीय पोस्टल ऑर्डर लावावी. नागपुरात दोन्ही सरकारांच्या कचेऱ्या एकमेकींच्या शेजारी असल्यामुळे ही चूक येथे फार होते. नकलांस राज्यात दर पानास दोन रुपये पडतात. मात्र मुदत टळून गेल्यावर माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते. आमच्या काकूंकडे एक्केचाळीस पानांचे ब्याऐंशी रुपये मागितले गेले तेव्हा आम्ही हे कलम दाखविले, आणि रुपये परत खिशात गेले. अर्ज चुकीच्या कचेरीत पडला तर तो पाच दिवसांत योग्य जागी पाठविण्याचे काम त्या कचेरीचे आहे. ज्यांस लिहिता येत नाही त्यांस अर्ज लिहिण्यास मदत करणे हेही माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. आणि २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासननिर्णयाने जिल्हा पातळीवरील कचेऱ्या व स्थानिक संस्था यांतील अभिलेख दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांस पाहण्यासाठी खुले ठेवावयाचे आहेत. पुण्याच्या महापालिकेत ही वहिवाट त्याआधीच पडलेली होती. ज्यांस अर्ज, अपील यांचा सोस नाही त्यांनी एखाद्या सोमवारी सहज जाऊन बसावे. आत कोणी नसेलच असे नाही, पण गर्दी खात्रीने नसते.

काकूंनी दोन्ही नावांचे प्रतिज्ञापत्र व लग्नाच्या वेळची निमंत्रणपत्रिका जोडून खुलासा दिला. तो या खेपेस जावक क्रमांकासह पुढे गेला, कारण क्रमांक लिहून घेतल्याशिवाय काकू खिडकीवरून हलल्या नाहीत. चौथ्या महिन्यात थकबाकीसह पैसे खात्यात जमा झाले. पुढच्या चतुर्थीस त्या गणेश टेकडीस गेल्या, रिक्षाचे पैसे स्वतः दिले, आणि येताना सुनेसाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन आल्या. अर्जाच्या पोचेचा कागद त्यांनी देवघरातील डब्यात, पंचांगाखाली ठेवला आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या वाड्यातील एक मावशी आपली फाईल घेऊन त्यांच्याकडे आल्या होत्या. “आधी त्यातला ‘का’ खोडा,” असे काकू त्यांस सांगत असलेल्या आम्ही माजघरातून ऐकले.

नझूलच्या भाडेपट्ट्यांविषयी आलेल्या पत्रांचा परामर्श पुढील अंकी घेऊ.